समुद्र दुपारी घरी येतो

ती घटना आजही आठवते ती एका वाळूच्या किल्ल्यामुळे. तो किल्ला मी कधी पाहिला नाही. मी तपासाला लागलो त्याच्या आधीच समुद्राने तो नेला होता. तरी नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतका भक्कम पुरावा मला दुसरा मिळाला नाही.

तेव्हा मी गोदाकाठच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातली सकाळ होती. हजेरी नुकतीच आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडत होता, तेवढ्यात सायखेड्याच्या बाजूच्या गावातलं एक कुटुंब फिर्याद घेऊन आलं. शेतकरी घर, झेंडूचं आणि गुलाबाचं मोठं पीक. म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सगळ्यांची नाकं उन्हाने सोललेली. फिर्याद चोरीची होती, पण नातू मधेच मला शिंपला दाखवत होता.

हे लोक आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला गेले होते. फुलांच्या घरात सुट्टी नसते, रोज पहाटे तोडणी असते. पोरांनी दोन वर्षं हट्ट धरला तेव्हा कुठे तीन दिवस मोकळे काढले. त्र्यंबक, जव्हार, डहाणू करत बोर्डीला गेले. एक जीप मुलाची, दुसरी गाडी जावयाची. जावई नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, बायको आणि लहान मुलीसह तोही आला होता. परत आल्यावर आजीने स्वयंपाकघरातला मुगाचा डबा उघडला. तळाशी कापडात बांधून ठेवलेले दागिने गेले होते. मूग मात्र जागेवर होते.

घराचं कुलूप शाबूत होतं. कपाटाला हातही लागला नव्हता. चोर सरळ डब्याकडे गेला होता. म्हणजे घरचा भेदी. घराच्या चाव्या दोन. एक आजीच्या बटव्यात, ती समुद्रावर गेली. दुसरी एका बाईकडे.

ही बाई त्यांच्या मळ्यात फुलं तोडायची, पंधरा वर्षांपासून. त्या घरात एक रीत होती. घर बंद असलं तरी दिवेलागणीला देवापुढे दिवा लागलाच पाहिजे, अंधारं घर ठेवायचं नाही. म्हणून कुणी बाहेरगावी गेलं की चावी या बाईकडे. ती संध्याकाळी यायची, उंबऱ्यापासून स्वयंपाकघरातल्या देवघरापर्यंत झाडायची, दिवा लावायची, कुलूप घालून जायची.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज. "चावी कोणाकडे होती ते बघा ना साहेब. कशाला लांब जाता?" एवढं बोलून फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला फोनची गरजच नव्हती. माझाही संशय तिथेच बसला होता. गरिबाच्या हातात दुसऱ्याची चावी दिसली की आपल्याला वेगळा पुरावा लागत नाही. पोलीसही याच समाजातून येतात.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा, असा कायदा आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी तिला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली आणि कागदावर सगळं रीतसर केलं. सकाळी अकरापासून ती बाकावर बसून होती. पन्नाशीची, बारीक अंगाची, बोटं झेंडूने पिवळी पडलेली. रडली नाही, यानेच आम्हाला ती निगरगट्ट वाटली.

"डबा कुठे असतो, तुला माहीत होतं?"

"व्हतं ना साहेब. दर दिवाळीला मीच घासते समदे डबे."

"मग घेतले कोणी?"

"मला नाय ठाव. मी दिवा लावला आन् आले."

"तीन दिवसांत काही वेगळं दिसलं?"

तिने जरा विचार केला. "दुसऱ्या दिशी सैपाकघरात रेती पडली व्हती. आदल्या दिशी मी झाडलं व्हतं. पुन्हा झाडून काढली."

हवालदार हसला. नदीकाठचं गाव, तिथे रेती नाही तर काय केशर पडणार? मीही हसलो. जबाबात ते वाक्य लिहून घेतलं आणि विसरलो. संध्याकाळ व्हायच्या आत तिला सोडलं. जाताना ती दारात थांबली.

"साहेब, माझ्या पोरीनं पोलीस भरतीचा फारम भरलाय. रोज पाटाच्या रस्त्यानं पळते. माझं नाव लागलं तर तिला घेतील का?"

मी "बघू" म्हणालो. त्या "बघू"ची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून पोरीने पळणं बंद केलं, असं बीटच्या शिपायाने सांगितलं. गाव तर निकाल लावून मोकळं झालं होतं. मळ्यात तिच्याशेजारी तोडणीला बसायला बाया तयार नव्हत्या. वरिष्ठांचा फोन आला की संशयित आहे तर अटक का नाही. मी दोन दिवस मागून घेतले.

रिवाज म्हणून घरच्या सगळ्यांचे जबाब घेतले. मुलगा चार वाक्यं बोलला, सून तीन. जावई मात्र पाऊण तास बोलला. जावयाला ठाण्यात बोलावलं म्हणून आजीच अवघडून गेली होती. "त्यांना कशाला तरास? ते पाव्हणे हायेत," म्हणाली. आपल्याकडे जावयावर संशय घेणं म्हणजे देवाच्या मूर्तीला हिशोब विचारण्यासारखं आहे. मीही त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

त्याने स्वतःहून दुसऱ्या दिवसाची हकीकत सांगितली. सकाळी सहाला ताजी मासळी बघायला किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एकटाच गाडी घेऊन गेला. आठच्या सुमाराला पाण्याच्या कडेला गाडी वाळूत रुतली. मोबाईल लेकीला कार्टून बघायला दिला होता, त्यामुळे कुणाला कळवता आलं नाही. अडीचला ट्रॅक्टर मिळाला, तोवर तो बॉनेटवर बसून होता. चारला मुक्कामी पोचला. घरच्यांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली होती. मोबाईलचं लोकेशन मागवलं तर दिवसभर बोर्डीच. मी त्याचं नाव यादीतून खोडलं. अर्धं विचारलं की दीड सांगणारा माणूस तपासून घ्यावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. स्वतःच्या वेळी मात्र चहा मागवला.

पुरवणी पंचनाम्यासाठी मी पुन्हा त्या घरी गेलो. मोठी माणसं मळ्यात होती, आजी ओट्यावर फुलं निवडत होती. सहा वर्षांची नात अंगणात रेतीचा ढीग करून बसली होती. मी सहज म्हटलं, "काय, घर बांधतेस का?"

कुणीतरी विचारण्याचीच ती वाट बघत होती. "किल्ला आहे. तिकडे याच्यापेक्षा मोठ्ठा केला होता. मी, दादा आणि आत्याची छोटी. शिंपल्यांचा दरवाजा होता. सकाळी केला. मग आंघोळ करून आलो तर समुद्र आला आणि किल्ला घेऊन गेला. माझी एक चप्पलपण नेली."

"लाटेने नेला?"

"लाट नाही, समुद्र आला. सगळा." तिला माझ्या अडाणीपणाचा राग आला असावा. "सकाळी तो खूप लांब असतो, चालून चालून पाय दुखतात. मग दुपारी तो घरी येतो. झाडांपर्यंत. आजी वरण-भात वाढत होती तेव्हा पाणी कुंपणाला लागलं होतं. वाळू संपलीच. संध्याकाळी परत जातो."

"सगळीकडे संपली? पलीकडच्या टोकालाही?"

"सगळीकडे. आम्ही कुंपणावर चढून बघितलं ना."

मी आजीकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "खरं हाय साहेब. मी तं घाबरले. वाटलं घरात येतंय पाणी."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी नाशिकचा. पाणी म्हटलं की मला गंगापूर धरण आणि गोदावरी ठाऊक. पाणी चढतं ते पुरात, आणि त्याची आधी दवंडी होते. भरती-ओहोटी शाळेत वाचलेली, परीक्षेनंतर विसरलेली. दुपारी बारा वाजता सगळी वाळू पाण्याखाली असेल, तर पाण्याच्या कडेला रुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर हा मनुष्य अडीचपर्यंत कोरडा कसा बसला? आणि त्याच क्षणी ती बाई आठवली. दुसऱ्या दिवशी. स्वयंपाकघरात. रेती.

मी अक्षरशः पळत जीपकडे गेलो. हवालदार म्हणाला, "साहेब, काय झालं?" म्हटलं, "उद्या पहाटे आपण समुद्रावर जायचं." त्याला वाटलं, साहेबांना ऊन लागलं.

जव्हारच्या घाटात मला लहान मुलासारखी घाई झाली होती. बोर्डीला पोचलो तेव्हा पाणी खरंच दूर होतं. अर्धा किलोमीटर तरी ओली, सपाट वाळू. ते कुटुंब जिथे उतरलं होतं त्या घराच्या मालकीणबाई चिकू वाळवत होत्या. मी गाडी रुतल्याचं सांगितलं. त्या हसल्या.

"साहेब, तो पुनवेचा दुसरा दिवस होता. उधाणाची भरती. बारा-साडेबाराला पाणी सुरूच्या झाडांना लागलं होतं. त्या दिवशी गाडी वाळूत असती ना, तर तुम्हाला तिचं टपसुद्धा दिसलं नसतं. आणि या गावात गाडी रुतली तर गावभर कळतं. इथे कुणाचाही ट्रॅक्टर त्या दिवशी गेला नाही."

बंदर खात्याच्या तक्त्यातून वेळा घेतल्या, त्या जुळल्या. दुपारपर्यंत आम्ही तिथेच थांबलो, कारण मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पाणी आवाज न करता आलं. आधी एक ओघळ, मग दुसरा, आणि बघता बघता आमच्या पावलांचे ठसे गेले. हवालदाराने बूट काढून हातात घेतले. तो मनमाडचा, पाण्याच्या टँकरमागे धावत मोठा झालेला. "साहेब, एवढं पाणी फुकट येतंय आणि परतही जातंय," म्हणाला. आम्ही दोघं हसत सुटलो. मग पंचांच्या सह्या घेतल्या आणि परत फिरलो. जव्हारच्या एका पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात जावयाची गाडी सापडली. सकाळी साडेसातला नाशिककडे, दुपारी पावणेतीनला समुद्राकडे.

ती फीत मी लगेच दाखवली नाही. जावयाला बोलावलं, या वेळी चहा नाही. कोरा कागद पुढे सरकवला.

"किनाऱ्याचं चित्र काढा. गाडी कुठे, पाणी कुठे, झाडं कुठे."

त्याने व्यवस्थित काढलं. बाजूला वेळ लिहिली, दुपारी बारा. पाणी कागदाच्या एका टोकाला, झाडं दुसऱ्या टोकाला. मी सही करायला सांगितलं, त्याने केली.

"मग पाणी वर आलं तेव्हा काय केलंत?"

"कुठलं पाणी?"

"समुद्राचं."

"नाही साहेब, पाणी तर लांबच होतं. मी तिन्ही दिवस पाहिलं ना."

तो खोटं बोलत नव्हता, हीच गंमत. पहिल्या दिवशी हे लोक पोचले संध्याकाळी, तेव्हा ओहोटी. दुसऱ्या दिवशी तो निघाला पहाटे, तेव्हाही ओहोटी. चारला परतून पोरांबरोबर वाळूत गेला तोवर पाणी पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी न्याहारी करून सगळे निघाले. भर दुपारचा समुद्र त्या माणसाने पाहिलाच नव्हता, कारण त्या वेळी तो सासूच्या स्वयंपाकघरात मुगाच्या डब्यात हात घालून उभा होता. पायाला चिकटून आलेली वाळू तिथे झडली.

मी तक्ता पुढे ठेवला, मग कॅमेऱ्याची फीत. त्याने आधी पाणी मागितलं, मग सगळं सांगितलं. बटव्यातली चावी पहाटे घेतली, संध्याकाळी परत ठेवली. निनावी फोनही त्याचाच, चहाच्या टपरीवरच्या माणसाचा मोबाईल मागून केलेला. दागिने त्याच्या गाडीच्या स्टेपनीखाली मिळाले. कापडाच्या घडीत चार मूग अडकलेले होते. ते मूगही आम्ही मुद्देमालात घेतले.

गुन्हा उघडकीला आला तेव्हा ठाण्यात सगळ्यांना आनंद झाला, मला तर शिट्टी वाजवावीशी वाटली. पण बाहेर आजी आणि तिची लेक बसल्या होत्या. आजी एवढंच म्हणाली, "मी त्या बाईला चोर म्हनले, साहेब. चार बायांदेखत म्हनले."

मी स्वतः त्या बाईच्या घरी गेलो. तुमच्या रेतीमुळे गुन्हा उघडला, असं सांगितलं. ती म्हणाली, "मी तं तवाच सांगितलं व्हतं." मुलगी आत होती, तिला म्हटलं, उद्यापासून पळायला लाग. आजीही चावी घेऊन त्यांच्या दारी गेली. बाईने पाणी दिलं, चहा दिला, चावी घेतली नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. मे महिन्यात त्या घरातून फोन आला. पोरांनी पुन्हा समुद्राचा हट्ट धरला होता, आणि या वेळी त्या बाईला, त्यांच्या मावशीला, घेतल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणत होती. किल्ला तिला दाखवायचा होता. बाई तयार झाली, पण विचारलं, मग दिवा कोण लावणार? आणि तिनेच सुचवलं, "साहेबाला सांगा. ते आता मोकळेच हायेत."

ती हे चेष्टेने म्हणाली की मुद्दाम, हे मी कधी विचारलं नाही. तीनही संध्याकाळी मी नाशिकहून स्कूटर काढून त्या गावी गेलो. पहिल्या दिवशी कुलपात चावी घातली आणि मागून आवाज आला, "ओ, कोण पाहिजे?" शेजारचा म्हातारा होता. मी वळलो. सांगण्यासारखं सगळं होतं, नाव, हुद्दा, निरोप. तरी हातातली चावी मी नकळत मुठीत लपवली.

मग आत गेलो. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत झाडलं, दिवा लावला आणि मुगाच्या डब्याकडे न बघता बाहेर आलो.