जुन्या कार्डांचे नंबर

परतूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायची, टेंपररी. तीन वर्षं प्राचार्य सांगत होते, बाई, येत्या जूनला तुम्हाला बराबर पर्मनंट करून टाकू. त्या एका शब्दापायी मी जालन्यात लागलेली चांगली नोकरी सोडली. अक्कल गहाण, दुसरं काय.

तेव्हा कॉम्प्युटरचं मशीन उघडून आतल्या प्रत्येक कार्डाला हातानं नंबर द्यावा लागे. दोन कार्डांना एकच नंबर गेला की दोन्ही बंद. नंबर बदलायचा म्हणजे तांदळाएवढी एक टोपी, जंपर म्हणतात तिला, पिनांच्या एका जोडीवरून काढून दुसरीवर घालायची. त्यासाठी बाभळीचा काटा काढायचा घरचा चिमटा मी पर्समध्येच ठेवायची. कुठल्या कार्डाला कोणता नंबर दिला, सगळं वहीत लिहिलेलं होतं.

मंग दहा नवी मशिनं आली. विकणारा म्हणाला, आता कार्ड नुसतं खोचा, नंबर मशीन आपोआप देतं. प्राचार्य अख्ख्या स्टाफसमोर म्हणाले, "मंग बाईंचं काय काम राह्यलं?" सगळे हसले. मीही हसले.

नव्या कार्डांचं खरंच आपोआप व्हायचं. पण खर्चा नको म्हणून नेटवर्कची जुनी कार्डंच नव्या मशिनांत घातली होती. त्यांचा नंबर हातानं दिलेला, तो मशीनला कळायचाच न्हाई. मी सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन तेवढा नंबर जुन्या कार्डासाठी राखून ठेवा, न्हाईतर उद्या नवं कार्ड खोचलं की मशीन त्यालाही तोच देऊन बसेल. कोण ऐकतंय. जूनमध्ये पर्मनंट सोडा, माझी टेंपररीची ऑर्डरही निघाली न्हाई; मी घरी बसले. गरज सरो, वैद्य मरो.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सकाळी शिपाई घरी आला. आदल्या दिवशी सगळ्या मशिनांत नवी साउंड कार्डं खोचली होती, आणि आता एकही नेटवर्कवर येत न्हाई. बाहेरगावचे परीक्षक बसून आहेत, पोरी रडून राह्यल्यात, सरांनी जल्दी बोलावलंय. बिलकुल जायचं न्हाई असं म्हणत म्हणतच मी वही घेतली आणि चपला घातल्या. खरं सांगते, मनात होतं की आता तरी घेतील.

वहीत बघून मी दहाही मशिनांत जुन्या कार्डांचे नंबर राखून ठेवले. तासाभरात सगळी चालू झाली. काय झालं होतं, असं परीक्षकांनी विचारलं. माझ्याकडं न बघता प्राचार्य म्हणाले, "काही न्हाई सर, ऑटोमॅटिक मशिनं आहेत. सुरू व्हायला जरा टाइम घेतात."

परीक्षा सुरू झाल्यावर मला ऑफिसात चहा दिला. मी वाट बघत बसले. कप रिकामा झाला तरी पर्मनंटचा विषय निघेना. शेवटी मी उठले, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "बाई, ती वही तेवढी ठेवून जा."

वही मी टेबलावर ठेवली. आणि वर मीच त्यांना थँक्यू म्हणाले.