उम्म अल कुवैनचं तिकिटं न देणारं मशीन

शनिवारी सकाळीच ठरवलं, आज घरात बसून फोनकडे बघत राहायचं नाही. माझा मुलगा अनय कॅनडात शिकतो. दर शनिवारी दुपारी चारला मी त्याला फोन लावते. गेले कित्येक शनिवार त्याने उचललेला नाही, नुसता मेसेज येतो, "बिझी आई, लेटर." त्याचे बाबा गेल्यापासून दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही, दोघंच. म्हटलं यल्ला, चला निघू, आणि गाडी काढली.

जाणार असाल तर लवकर निघा. शारजाचं ट्रॅफिक चुकवलंत तर तासाभरात उम्म अल कुवैन येतं. वाटेत पंपावर करक चहा, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, घ्या, दोन दिरहम, म्हणजे जवळपास पन्नास रुपये. हो, इतकी वर्षं झाली तरी रुपयांत मोजायची ही खोड जात नाही! हिवाळ्यात खाडीत फ्लेमिंगो उतरतात. "अगं बाई, किती गं!" असं मोठ्याने म्हणाले आणि बाजूला वळले. ऐकायला कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं.

ऊन चढलं तशी तिथल्या गेम झोनमध्ये शिरले. मालक नझीरभाई मूळचे मुरुडचे, अनय लहान होता तेव्हापासून ओळखीचे. तिथे एक स्लॉट मशीनसारखं मशीन आहे, फक्त पैशांऐवजी तिकिटं देतं आणि तिकिटांवर खेळणी मिळतात. एक बाई बराच वेळ खेळून हात हलवत उठली. मी लगेच तिच्या जागी बसले. इतका वेळ काही दिलं नाही म्हणजे आता देणारच की! कसलं काय. पैसे भरून घेतलेलं खेळायचं कार्ड रिकामं झालं.

"नझीरभाई, बिघडलंय का हो हे? आता तरी द्यायला हवं होतं."

"नाय हो वहिनी," ते हसले. "किती द्यायचं ते सेटिंग असतं, पण तो हजारो डावांचा हिशेब. मागचे डाव त्याला आठवत नाहीत. इतक्यांदा हुकलं म्हणून पुढच्याला लागेल, असं नसतं."

मी दर शनिवारी हाच तर हिशेब करत होते! मागच्या वेळी नाही उचलला, त्याच्याही मागच्या वेळी नाही, म्हणजे आज उचलेल.

चार वाजले तेव्हा समुद्रावर होते. फोन हातात घेतला आणि पर्समध्ये परत टाकला. आज नाही उचलला असता तर रडूच आलं असतं.

संध्याकाळी घरी येऊन चपला काढते तोच फोन वाजला. अनय.

"आई, यू डिडन्ट कॉल टुडे. ऑल ओके?"

"अरे, फ्लेमिंगो बघायला गेले होते."

"अलोन?"

"मग कोणाबरोबर जाणार बाबा?"

तो म्हणाला, "सॉरी आई," आणि क्लास आहे म्हणून ठेवला. दोन मिनिटंसुद्धा बोलणं झालं नसेल. पण मी चार वाजता फोन केला नाही, हे त्याच्या लक्षात होतं.

चहा टाकताना मनात आलंच, पुढच्या शनिवारीही फोन केला नाही तर तो करेल का? आणि स्वतःचाच राग आला. बाई गं, पुन्हा तोच हिशेब! शनिवारी चारला मी फोन लावणार आहे. उचलो, न उचलो.