जाते नाही, येते

परदेशात, टॅम्पिनीसला, आमच्या शेजारची तिथेच वाढलेली मराठी मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायची. मॅचच्या दिवशी ती मोजे उलटे घालायची आणि लिफ्टचं बटण ढोलाच्या काठीनेच दाबायची. बोट लावलं तर कॉलेज हरतं म्हणे. मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा.

एकदा दारातून म्हणाली, "आज्जी, जाते."

मी म्हटलं, "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

तिला वाटलं, हाही मॅचचाच नियम. नेमके त्या दिवशी ते जिंकले. पुढच्या मॅचला सगळा बँड खालून ओरडला, "आज्जी, येते!" त्यात मिसरूड फुटलेले चिनी मुलगेही होते.

मी तिला म्हटलं, "अगं, मुलांनी येतो म्हणायचं."

"बदललं की हरणार, आज्जी. कॅनॉट, लाह," ती तिथल्या इंग्रजीत म्हणाली.

मग माझ्या मुलाची तिथली नोकरी संपली आणि आम्ही कायमचे पुण्याला निघालो. लिफ्टमध्ये शिरताना मी तिला म्हटलं, "जाते गं."

तिने ढोलाची काठी लिफ्टच्या दारात घातली. "जाते नाही, आज्जी."

मी परत येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी दार मिटू देईना. खाली टॅक्सी खोळंबली होती. शेवटी म्हटलं, "येते."

तेव्हा तिने काठी काढली.