स्वतःचाच लेख वाचायला बंदी

तळोद्याच्या ज्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथली माझी एक जुनी विद्यार्थिनी आता वर डोंगरातल्या तिच्या गावी वनहक्क समितीची अध्यक्ष आहे. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज चिडलेला होता.

“मॅडम, आमच्या गावाची जैवविविधतेची नोंदवही कुणीतरी दोन दिवसांत भरून गेलंय. आज हातात आली. त्यात नारळ लिहिलाय! आणि खारफुटी! दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याची यादी जशीच्या तशी उतरवलीय. आम्ही ठराव केला, वही नव्यानं भरायची. तुमचा तो लेख पाठवा ना. आमच्या बाबांनी सांगितलेला.”

बाबा म्हणजे तिच्या गावचा म्हातारा पावरा आदिवासी, झाडपाल्याचा जाणकार. बारा-तेरा वर्षांपूर्वी दोन उन्हाळे मी त्याच्यामागं जंगलात हिंडले होते. कुठली साल कधी काढायची, कुठला कंद कुणाच्या परवानगीशिवाय खणायचा नाही, सगळं त्यानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. त्याचा इंग्रजीत लेख केला, परदेशातल्या एका नियतकालिकानं तो छापला, त्यावर मला बढतीही मिळाली. गावाला प्रत द्यायची मात्र राहून गेली. हे मी कुणाला सांगत नसे.

“सोमवारपर्यंत पाठवते,” मी म्हणाले. एक फाइल पाठवायला कितीसा वेळ लागतो!

फाइल माझ्याकडं नव्हती. जुना लॅपटॉप कधीच भंगारात गेला होता. महाविद्यालयानं ईमेलची व्यवस्था बदलली तेव्हा जुनी पत्रं गेली. मूळ वह्या प्रकल्पाच्या अहवालासोबत विद्यापीठात जमा केल्या होत्या. तिथं फोन लावला तर, “मॅडम, तो विभाग आता दुसऱ्या इमारतीत गेलाय,” एवढंच उत्तर तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलं.

मग मी नियतकालिकाची वेबसाइट उघडली. लेखाचं शीर्षक होतं, खाली माझं नाव होतं, पहिला परिच्छेद होता, आणि त्याखाली कुलपाचं चित्र. पुढं वाचायचं तर डॉलरमध्ये पैसे भरा. मी स्वतःच्या नावाकडं बघत बसले.

खरं सांगायचं तर आजवर मी हा लेख लागेल तेव्हा चोरांच्या साइटवरून उघडत आले होते. जगभरचे कुलपातले शोधनिबंध फुकट देणारी ती साइट आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होती. एम.एस्सी.च्या मुलांना आम्हीच दबक्या आवाजात सांगायचो. त्या दिवशी तिथं गेले तर पांढऱ्या पानावर दोन ओळी: सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानुसार ही वेबसाइट बंद करण्यात आली आहे.

मी ग्रंथालयात गेले. आमच्या ग्रंथपालांच्या घराण्यात नंदुरबारला पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकबांधणीचं काम. सगळे त्यांना भाई म्हणतात. त्यांनी आपल्या संगणकावर करून पाहिलं, मग दोन कंपन्यांच्या सिमकार्डांवर, आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

“मॅडम, आते उघडाव नहीं हाई. कोर्टना आदेश शे. प्रकाशकस्नी दावा जिकी लिधा.”

“भाई, मला दुसरं काही नको. माझाच लेख हवाय.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुम्हनाच लेख, आन्‌ तुम्हलेच बंदी?”

“आपल्या ग्रंथालयातून मिळणार नाही का?”

“सरकारनी नियतकालिकं फुकट देवानी योजना शे, पन आपलं कॉलेज आजून यादीमा नहीं.” मग ते शुद्ध मराठीत, कुणी ऐकत असल्यासारखे म्हणाले, “व्हीपीएन टाकलं तर उघडेल. पण परवाचं परिपत्रक आहे. महाविद्यालयात व्हीपीएन वापरल्यास कारवाई.”

परिपत्रक मला माहीत होतं. संगणक समितीची सदस्य म्हणून त्याखाली माझीच सही होती. शिवाय त्याच आठवड्यात एका मुलाचा प्रकल्प उतरवलेला निघाला म्हणून मी तो परत केला होता. आता घरी जाऊन कोर्टानं बंद केलेलं दार मागच्या बाजूनं उघडणं माझ्यानं होईना. सहकारी हसले. एक जण म्हणाला, “मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे, उगाच काय!” असेल दोन मिनिटांचं. माझ्यानं झालं नाही.

चोरी रोखणारा कायदाच नको, असं मला वाटत नाही. शहाद्याचा माझा मावसभाऊ अहिराणी गाणी रचतो, स्वतः गातो, शेतात उभं राहून स्वतःच व्हिडिओ काढतो. गाणं टाकलं की आठवड्याच्या आत कुणीतरी त्याचं नाव पुसून दुसऱ्या साइटवर चढवतं. त्यानं तक्रारी केल्या, पोलीस ठाण्यात जाऊन बसला. तिथं त्याला विचारलं, “गाणं तुझंच कशावरून?” त्याच्यासाठी आजवर एकही साइट बंद झालेली नाही. मोठ्या प्रकाशकांसाठी मात्र झाली, आणि अशी पक्की झाली की लिहिणारी बाईही बाहेरच राहिली. या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात कशा मावतात, हे मला अजून कळलेलं नाही.

मी प्रकाशकांना लिहिलं. त्यांच्या अर्जात ‘आपण कोण आहात’ या प्रश्नाला चार पर्याय होते: वाचक, ग्रंथालय, कंपनी, हक्कधारक. लेखक नव्हता. मी हक्कधारक निवडलं. उलट उत्तर आलं की नोंदीनुसार आपण हक्कधारक नाही. सोबत मी तेव्हा सही केलेल्या, लेखाचे हक्क देऊन टाकणाऱ्या कागदाची प्रत होती. अडीच पानं बारीक अक्षरं, आणि शेवटी माझी घाईघाईची सही. लेख छापून येण्याच्या आनंदात मी ती वाचलीच नव्हती. मी पुन्हा लिहिलं की प्रत मला नको, ज्या गावानं ही माहिती दिली त्या गावाला हवी आहे. उत्तर आलं, संस्थेला वाटपासाठी वेगळा परवाना लागतो. हे पत्र लिहिणारं माणूस होतं की यंत्र, ते कळलं नाही. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, आणि समोरच्या सहकाऱ्यानं आपल्या उत्तरपत्रिका उचलून दुसरीकडं नेल्या.

सोमवार होऊन गेला. अध्यक्षबाईंचे दोन फोन मी घेतले नाहीत. रविवारी सकाळी जीप स्टँडवर गेले आणि वर जाणाऱ्या जीपमध्ये बसले.

बाबा घरापुढं बाजेवर बसला होता. खूप वाळला होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, पण मी बोलल्याबरोबर आवाज ओळखला. अध्यक्ष आली, म्हाताऱ्याची सून आली. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. अध्यक्ष ते पावरीत त्याला सांगत गेली. कोर्ट, प्रकाशक, कुलूप, माझी सही. म्हातारा ऐकत राहिला आणि मग थेट मला मराठीत म्हणाला, “बाई, ते लोक इथं आले होते का?”

“कोण, बाबा?”

“ज्यांनी बंद केलं ते.”

“नाही.”

“मग त्यांना आमच्या झाडांचं कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले.

सून उठून आत गेली. अध्यक्ष माझी विद्यार्थिनी, माझ्यासमोर कधी आवाज न चढवलेली. ती म्हणाली, “मॅडम, तेव्हाच एक प्रत आम्हाला दिली असती तर?” कायद्यावरचा राग माझ्याजवळ भरपूर होता, पण तो इथं काढून उपयोग नव्हता.

म्हातारा सुनेला हाक मारून अध्यक्षेला पावरीत काहीतरी रागानं म्हणाला. अध्यक्षेनं सांगितलं, “ते म्हणतात, तेव्हा गुडघे चांगले होते. आता मी वर चढणार नाही. बाईला सांग, सुनेबरोबर जा आणि पाला-साली आणून दाखव.”

म्हणजे पुन्हा लिहायचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

त्यानंतरचे चार रविवार मी वर जात राहिले. सून पुढं आणि मी मागं. तिची चाल म्हाताऱ्यापेक्षा जलद. मी धापा टाकत थांबले की तीही थांबायची, पण वळून बघायची नाही. आम्ही पानं, साली, शेंगा आणून बाजेवर पसरायचो. म्हातारा बोटांनी चाचपायचा, चुरडून वास घ्यायचा, नाव सांगायचा. मुरुडशेंग हाताला लागताच त्यानं कसलीशी आठवण काढली आणि सून पदर तोंडाला लावून हसली. काय ते मला सांगितलं नाही. काही नावं त्याला आठवत नव्हती, ती मला आठवायची. काही दोघांनाही नाही, ती सून सांगायची आणि तो “हां, हां” करायचा. ओढ्याकाठच्या एका वेलीसाठी आम्ही दोन फेऱ्या मारल्या. ती सापडली नाही. वहीत तिच्या नावापुढं अध्यक्षेनं लिहिलं, ‘पूर्वी होती’.

या वेळी वही माझी नव्हती, गावाची होती. लिहिणारीही अध्यक्षच. पावरी नाव आधी, मराठी नंतर, आणि लॅटिन नाव मी सांगेन तसं शेवटच्या रकान्यात. दर पानाखाली म्हाताऱ्याचा अंगठा आणि सुनेची सही.

शेवटच्या रविवारी वही भरून झाली. मी सहज हात पुढं केला. अध्यक्षेनं ती फडक्यात बांधून समितीच्या पेटीत ठेवली.

“मला एक प्रत हवी गं,” मी म्हणाले.

“देऊ ना, मॅडम. ग्रामसभेच्या नावानं अर्ज करा. प्रत कशासाठी हवी, पुढं कुठं छापणार, ते लिहा. सभेत वाचू.”

“अगं, मी तर इथंच होते!”

“हो, मॅडम. तेही लिहा.”

क्षणभर माझ्या कानशिलात तेच पेटलं, जे प्रकाशकाचं पत्र वाचताना पेटलं होतं. म्हातारा बाजेवर बसून ऐकत होता. सुनेनं कोरा कागद आणून दिला. मी मांडीवर पाटी घेतली आणि ‘माननीय अध्यक्ष’ असं लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर अध्यक्षेनं तो शांतपणे दोनदा वाचला, तिचे वर्गातले पेपर मी वाचत असे तसा, आणि तारीख राहिलीय म्हणून परत दिला.