सुताराच्या डिस्कवरचे सहा निरोप

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठ-दहा माणसं आपापले लॅपटॉप काखोटीला मारून जमत. खाली वर्तमानपत्रं वाचणारे त्यांना 'फुकटवाले' म्हणत, कारण ही मंडळी विकतचं सॉफ्टवेअर वापरत नसत. कुणीही उघडून बघावं, बदलावं, वाटावं असलंच वापरत आणि दुसऱ्यालाही त्या नादी लावत. एखाद्याचा कॉम्प्युटर म्हातारा होऊन रडतखडत चालायला लागला की तो इथे यायचा. त्यावरचं सगळं पुसून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली की गडी पुन्हा कामाला लागायचा.

इथे शब्द चालायचा तो बाईंचा. बाई कोर्टातून निवृत्त झालेल्या टंकलेखिका. न्यायाधीशांचं वाक्य संपायच्या आत त्यांचा पूर्णविराम पडलेला असे, आणि याचा त्यांना अभिमान होता. का नसावा? पण याच बाईंनी मंडळाला एक नियम घालून दिला होता. डिस्क पुसणारी कमांड लिहिली की ती आधी मोठ्याने वाचायची, शेजारच्याने पडद्यावर बघून 'हो' म्हणायचं आणि मगच एंटर दाबायचं. नवख्यांना हसू येई. पण कॉम्प्युटर काही 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही, सांगितलेलं करून मोकळा होतो.

त्या रविवारी एक सुतार आला. साठीचा माणूस, नखांत पॉलिश अडकलेलं. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"हळू झालाय फार," तो म्हणाला. "यात आमच्या मंडळींचा आवाज आहे. सहा निरोप. फोन बिघडला तेव्हा भाच्याने यात उतरवून दिले. ती गेली दोन वर्षांपूर्वी. तेवढं सांभाळा, बाकी काय करायचं ते करा."

बाईंनी सगळं त्याच्याच एका जुन्या डिस्कवर उतरवून घेतलं, तपासलं आणि मग लॅपटॉप पुसून नवी सिस्टीम टाकली. उतरवलेलं परत आत घालायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या एकाला पेनड्राइव्ह पुसून त्यावर लिनक्स चढवून हवं होतं. दोन मिनिटांचं काम. सुताराची डिस्क बाईंच्या मशीनला जोडलेलीच होती. एरवी शेजारी बसणारा, शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारा गृहस्थ पाणी प्यायला खाली गेला होता. सुतार कौतुकाने बघत म्हणाला, "काय हात चालतो हो बाई तुमचा."

आणि बाईंनी हात चालवून दाखवला. वाचलं नाही, कुणी 'हो' म्हटलं नाही. कमांडमध्ये पेनड्राइव्हच्या जागी सुताराच्या डिस्कचं नाव गेलं.

पेनड्राइव्हचा दिवा लागत नाही आणि डिस्कचा लुकलुकतोय हे ध्यानात येईपर्यंत मिनिटभर गेलं. बाईंनी काम तोडलं. प्रयोगशाळावाला परत आला, पडदा बघून सगळं समजला आणि खाली वाकून पुटपुटला, "डिस्क जुनीच होती. बिघडली म्हणा. बिघडतात."

जुन्या डिस्क बिघडतात हे काही खोटं नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. पण बाईंनी एकतीस वर्षं साक्षीदारांचं खोटं शुद्धलेखनाची एकही चूक न करता टंकून दिलं होतं. खोटं बोलताना माणूस कुठे बघतो हे त्यांना पाठ होतं. तसं बघायची त्यांना लाज वाटली.

"अहो," त्या सुताराला म्हणाल्या, "तुमची डिस्क माझ्या हातून पुसली गेली. चूक माझी आहे. किती गेलं ते आत्ता नाही सांगता येणार."

सुताराने डिस्क उचलून उलटसुलट करून बघितली.

"लाकूड चुकीचं कापलं तर मी गिऱ्हाइकाला सांगतो आणि दुसरं आणतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "याला दुसरं कुठून आणायचं?"

डिस्क तिथेच ठेवून तो जिना उतरला. त्या दिवशी पुढे कुणी काही शिकवलं नाही.

प्रयोगशाळावाल्याने डिस्कवरचं काही न बदलता तिची हुबेहूब प्रत काढली आणि त्या प्रतीतून मिळेल ते उपसणारा प्रोग्राम चालवला. डिस्कची सुरुवात गेली होती, मागचं पुष्कळ शिल्लक होतं. पण हाती आल्या त्या अकरा हजार फायली, सगळ्या बिननावाच्या. त्यांत आवाजाच्या चारशे चाळीस. त्या ऐकल्याशिवाय ओळखायच्या कशा?

बाईंनी ते कुणाला करू दिलं नाही. रोज दुपारी कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि एकेक टिपून ठेवायच्या: गाणं, गाणं, करवतीचा आवाज, नुसती खरखर. सून म्हणायची, "आई, आधी जेवून घ्या." नवव्या दिवशी एक बाईमाणूस बोललं, "चावी शेजारी दिलीय, आणि येताना खिळे नका आणू, दूध आणा." बाईंनी हेडफोन काढला आणि पदराने डोळे पुसले. मग तोच निरोप पुन्हा लावला.

पुढच्या महिन्यात सुतार येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला.

"तीन पूर्ण मिळाले," बाई म्हणाल्या. "एक अर्धा. दोन नाहीत."

तो खुर्चीवर बसून ऐकत राहिला. शेवटी अर्धा लागला. दवाखान्यातून केलेला: "अहो, ऐका, कपाटाच्या वरच्या खणात..." आणि तिथेच तुटलं.

"पुढचं मला येतं," सुतार म्हणाला. "सांगतो. तुम्ही लिहून घ्या."

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. तो सांगत गेला: वरच्या खणात तुमचा लोकरीचा स्वेटर आहे, तो घाला. दाराची कडी ढिली झालीय, लोकांची दारं करता आणि आपलं तसंच. मला सोमवारी घरी सोडू म्हणतात. बाई एकेका शब्दासाठी थांबत होत्या.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग ती काही बोलली नाही. फोन बंद करायचा राहिला होता तिचा. नुसता श्वास ऐकू यायचा, बराच वेळ." सुताराने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली. "मी जास्त करून तेच ऐकायचो. ते लिहिता येईल?"

बाईंची बोटं कळांवरच राहिली.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते नाही येणार."