मयताच्या कागदाला रांग नाही

प्रिंटर बंद असला तरी लोक प्रिंटचं बटण दाबत राहतात. ते कागद आत साठतात आणि प्रिंटर चालू झाला की भडाभडा बाहेर पडतात. माझ्याकडचे किस्से तसेच साठलेत. मी दुकानात फारसा बोलत नाही, म्हणून लिहून काढतो.

दुकान बोर्ली पंचतनच्या बाजारात, बाळाकाकांचं. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म. नववीनंतर मी शाळा सोडली आणि इथे बसू लागलो.

*

सुषमाताईंचं समुद्राकडे होमस्टे आहे. त्यांनी दुकानात बसून मोबाइलवरून ‘रूम रिकामी आहे’ अशी पाटी प्रिंटला पाठवली. कागद येईना, म्हणून त्या परत परत दाबत राहिल्या. मी प्रिंटर बंद करून चालू केला. चौदा पाट्या आल्या!

मी ओशाळून तेरा बाजूला ठेवायला लागलो. त्यांनी सगळ्या उचलल्या आणि नाक्यापासून घरापर्यंत प्रत्येक वळणावर लावल्या.

शनिवारी परत आल्या. म्हणाल्या, “आता ‘रूम फुल्ल’ काढ. एकच काढ.”

*

कॉम्प्युटरमधला मराठी फॉन्ट प्रिंटरपर्यंत नीट पोचला नाही, तर कागदावर नुसते चौकोन उमटतात. गोविंदराव सुपारी बागायतदारांच्या सभेची नोटीस काढायला आले, तेव्हा पानभर चौकोनच आले. मी परत काढून देतो म्हटलं. त्यांना एसटी गाठायची होती.

“असू दे रे. वाचतंय कोण?”

नोटीस तशीच फळ्यावर लागली. सभेला सगळे आले.

*

गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर फाइली पाठवायची आणि याचे कागद त्याच्याकडे जायचे. मी व्हिडिओ बघून बघून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आलेली फाइल तो नावानिशी रांगेत लावतो, प्रिंटरकडे पाठवतो आणि प्रत्येकाच्या कागदाआधी नावाची चिठ्ठी छापतो. काकांना वाटलं असावं, मी नेटवरून उतरवलाय. मीही काही बोललो नाही.

काकांचा जुना नियम आहे. मयताच्या दाखल्याचं काम आलं की बाकी सगळे थांबतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये मी ‘मयत’ असं एक बटण ठेवलं.

ते टेंपोवाल्या दिनेशला कळलं. घाईत होता. म्हणाला, “माझ्यासाठी दाब ना ते बटण.” मला नाही म्हणता येत नाही. दाबलं.

सगळ्यांच्या आधी त्याची चिठ्ठी आली. ‘मयत – दिनेश टेंपोवाले’.

दिनेशने ती दोनदा वाचली आणि बाकावर जाऊन बसला. “होऊ दे सगळ्यांचं. मी थांबतो.”

*

काकांच्या पुतण्याने पनवेलहून एक इंजिनिअर पाठवला. तो तयार सॉफ्टवेअर टाकणार होता आणि आमचं पुसणार होता. वर्षभर मी रोज थोडं थोडं करून ते उभं केलं होतं. हे काकांना सांगावंसं वाटत होतं, पण तोंड उघडेना.

इंजिनिअरने नवीन सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. काका बघत होते.

“यात मयताचं बटन कुठं हाय?”

“तीन प्रकार आहेत काका. अर्जंट, साधं आणि नंतरचं. मयत अर्जंटमध्ये टाकायचं.”

“आणि लग्नपत्रिका?”

“तीही अर्जंट.”

“दोन्ही एकदम आली तर?”

“जी आधी आली ती आधी.”

काका माझ्याकडे वळले. “आपल्यात काय होतं रं?”

“लग्न थांबतं,” मी म्हणालो.

इंजिनिअरने आमचा प्रोग्रॅम उघडला. दोन-चार फाइली टाकून बघितल्या, रांग पुढेमागे करून बघितली. मग त्याने काकांना विचारलं, हा कुठल्या कंपनीचा?

मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागलो. तो आधीच भरलेला होता.

“हाय एक, बोर्लीतलीच,” काका म्हणाले.

“मोठी आहे का?”

“एकच माणूस हाय. आणि तोबी बोलत न्हाय.”