एका मोटरीचा रोबोट

बिरसीची वाट अर्धी सरली तरी शालीकरामभाऊंनी खांद्यावरचं पोतं उतरवलं नव्हतं. पोत्यात त्यांनी केलेला रोबोट होता. बिरसीच्या मुन्नालालचे दोन्ही हात विजेच्या झटक्याने गेले होते, त्याला तो द्यायचा होता.

"थोडं बसा ना भाऊ," मी म्हटलं.

"बसलो तं उठणार नाही, बाई."

भाऊ कामठ्यात मोटरपंप दुरुस्त करत. त्यांच्या बायकोचे, निर्मलाबाईचे, हात आजाराने हळूहळू निकामी झाले. दुसऱ्याने भरवलेला घास तिला नको असे. "मी का लेकरू आहो?" म्हणून तोंड फिरवी. म्हणून भाऊंनी यंत्र करायला घेतलं, आणि तिथेच मी चुकले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. २०१२ साली तालुक्याचं प्रदर्शन होतं. मी म्हटलं, आपण भात हातानेच खातो, तर पाच बोटांचा हातच करा, लोक पाहत राहतील. पाच बोटांना पाच मोटरी. भाऊ चार महिने राबले. चिकट भात बोटांत अडके, मोटरी जळत. निर्मलाबाई वाळत चालली.

एक दिवस माझ्यादेखतच ती नवऱ्याला म्हणाली, "मी तं आता पेजच पितो. पेजेले बोटं कायले लागते? बाईनं तुमचं डोस्कं बिघडवलं."

भाऊंनी पाना उचलला. एकेक मोटर काढत गेले. तीन दिवसांनी उरली जुन्या जीपच्या वायपरची मोटर, एक दांडी आणि तारेचं कडं. कड्यात पळसाच्या पानाचा दोना. पायाने बटन दाबलं की दोना ओठांशी येऊन कलंडे.

पहिल्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. एकटीने पेज प्याली. आम्ही ओसरीत उभे राहून मोटरीची घरघर ऐकली.

असे नऊच दिवस. मग घशाखाली काही उतरेना, आणि ती गेली. ते चार महिने तिला मिळायला हवे होते. देवापुढे दिवा लावते तेव्हा एवढंच मनात येतं, पुढे माझ्याने काही मागवत नाही.

मुन्नालालचं घर दिसलं तसे भाऊ थांबले. पोतं माझ्या हाती दिलं.

"बाई, आत तुमीच न्या. बटन त्याच्या पायाखाली ठेवा. आन् चालू करायच्या आधी दरवाजा लोटून घ्या. तो आवाज माह्याच्यानं आयकवणार नाही."